सॅम्पल फ्लॅट बघणारा माणूस

त्या चित्रपटातला माणूस मुलीला ज्या खोलीत कोंडतो, त्या खोलीला दार आहे. चांगलं भक्कम, कुलूप असलेलं. पार्श्वसंगीत चढत जातं, तो शांतपणे किल्ली फिरवतो आणि थिएटर गार होतं. खऱ्या सॅम्पल फ्लॅटमध्ये आतल्या खोल्यांना दारं नसतात. बिल्डर ती बसवतच नाहीत. दार उघडायला जागा लागते, दार नसलं की खोली मोठी दिसते. तिथले पलंगसुद्धा आखूड बनवून घेतलेले असतात. उंच माणूस त्यावर झोपला तर त्याच्या पोटऱ्या बाहेर लटकतील. हे मला माझ्या मोठ्या भावाने सांगितलं होतं. ज्याने तो चित्रपट काढला त्याला यातलं काही माहीत नव्हतं. तो असा फ्लॅट बघायला एकदाही गेला नसणार. त्याला जेवढं माहीत होतं तेवढं सगळं मी सांगितलेलं होतं.

आजकाल कुणी त्या चित्रपटाचं कौतुक करायला लागलं की माझ्या कानशिलात ठोके पडायला लागतात. आणि कौतुक सगळेच करतात. एकटेपणाचं काय भेदक चित्रण, म्हणतात. माणसाच्या मनाचा काळा तळ, म्हणतात. एकटा माणूस दाखवायचा म्हटलं की त्याच्या हातात शेवटी दोरी नाहीतर चाकू द्यायचा, याला भेदक म्हणायची पद्धत कुणी पाडली? एकट्या माणसाला भेटायला कुणी जात नाही. त्याच्यावरचा चित्रपट बघायला मात्र लोक तिकीट काढून जातात, आणि बाहेर येऊन म्हणतात की अशा लोकांपासून जपून राहायला हवं.

माझा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आम्ही त्याला दादा म्हणतो. त्याने लग्न केलं नाही. का केलं नाही, हे मी कधी नीट विचारलं नाही. आधी वयाने लहान होतो म्हणून, नंतर माझं झालं होतं म्हणून. चिंचवडच्या एका कारखान्यात तो ड्राफ्ट्समन होता, यंत्रांचे नकाशे काढायचा. पुढे सगळं कॉम्प्युटरवर गेलं. त्याने तेही शिकून घेतलं, तरी कंपनीने एक दिवस स्वेच्छानिवृत्तीचा कागद पुढे केला. त्यात स्वेच्छा कुणाची होती ते विचारायचं नसतं. कर्वेनगरच्या दोन खोल्यांत तो आणि आई राहायचे. आई गेली आणि तो एकटा राहिला.

मी वारज्याला राहतो. त्याच्या घरापासून स्कूटरने किती वेळ लागतो हे सांगायची मला लाज वाटते. माझी नोकरी खराडीला, म्हणजे रोज सगळं पुणं आडवं कापत जायचं आणि तसंच परत यायचं. रविवारी अंगात काही उरत नाही. हे कारण मी इतक्या वेळा वापरलं की ते खरंच वाटायला लागलं. पुढे पुढे मी त्याला फोन करायचो तोही गाडीत, सिग्नलला थांबलेलो असताना, म्हणजे सिग्नल सुटला की ठेवता येतो.

एका रविवारी सकाळी मी फोन केला तर तो म्हणाला, “साइटवर आहे.”

“कसली साइट?”

“फ्लॅट बघतोय.”

मला आनंद झाला. म्हटलं, चला, त्या अंधाऱ्या खोल्या सोडून माणूस कुठेतरी उजेडात जाईल. पत्ता विचारला तर साइट माझ्याच भागात, वारज्याच्या पुढे, महामार्गाच्या कडेला. मी पायात चपला घालून निघालो आणि चालत पोचलो.

एवढ्या जवळ तो येत होता. नंतर मी त्याला म्हटलं, “इथवर येतोस आणि घरी येत नाहीस?”

“तुम्ही झोपलेले असता,” तो म्हणाला.

साइटच्या ऑफिसात एसी लावलेला होता. काचेखाली इमारतींचं खेळण्याएवढं मॉडेल, त्यात प्लास्टिकची झाडं. तिथली मुलगी बावीस-तेवीस वर्षांची, अकोल्याकडची, हिंजवडीच्या बाजूला एका खोलीत तिघीजणींबरोबर राहणारी. हे सगळं मला दादाने आधीच, तिच्यासमोरच सांगून टाकलं. ती त्याला काका म्हणत होती. त्याच्यासाठी बिनसाखरेचा चहा न सांगता आला. माझ्या लक्षात आलं की हा इथे पहिल्यांदा आलेला नाही.

ती आम्हाला सॅम्पल फ्लॅट दाखवायला घेऊन गेली. दादाने दाराशी चपला काढल्या, जोडीने भिंतीला लावून ठेवल्या, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून आत गेला. देवळात प्रदक्षिणा घालावी तसा एकेक खोली फिरला. पलंगावर बसला तेही अगदी कडेला, चादर चुरगळू नये म्हणून. पाणी कॉर्पोरेशनचं की टँकरचं, हे त्याने विचारलं. लिफ्टला बॅकअप आहे का, हे विचारलं. ती सगळ्याची उत्तरं देत होती आणि तो मान डोलवत होता. मग स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभा राहून तो म्हणाला, “ही पूर्वच ना? हिला सकाळचं ऊन लागतं.”

‘हिला’ म्हणजे बायकोला असं धरून ती मुलगी म्हणाली, “काकूंना आणा न एकदा.”

“आणतो, आणतो,” दादा म्हणाला.

मी खोट्या फळांच्या परडीकडे बघत राहिलो. परत येताना त्याने आपण होऊन मला सगळं सांगितलं. आई गेल्यापासून तो दर रविवारी असा जायचा. कधी खराडी, कधी हिंजवडी, बहुतेक इथेच. घ्यायचं काहीच नव्हतं. “छान बोलतात ती मुलं,” तो म्हणाला. “बसवून घेतात. घरी कोण कोण असतं विचारतात. मग काहीतरी सांगावं लागतं.” थोडं थांबून म्हणाला, “तिलाही बरं असतं. महिन्याला अमुक माणसं साइटवर आली असं दाखवावं लागतं तिला वरच्यांना.” आणि मग दारं, आखूड पलंग, आरसे कुठे लावतात, हे सगळं त्याने मोठ्या उत्साहाने समजावून दिलं. कितीतरी वर्षांत तो माझ्याशी इतकं बोलला नव्हता. मी ऐकत होतो. लाज वाटते, पण खरं सांगायचं तर ऐकता ऐकता मी ते पाठ करत होतो.

माझी ही जुनी खोड आहे. कॉलेजात आमचा नाटकाचा ग्रुप होता. एकांकिका केल्या, बक्षिसं घेतली, मग सगळे नोकरीला लागले. एकजण मात्र त्याच धंद्यात राहिला, आधी जाहिराती, मग चित्रपट. अजूनही अधूनमधून संध्याकाळी आम्ही त्याच्या कोथरूडच्या गच्चीवर जमतो. तिथे नुसती हकिगत सांगून चालत नाही, करून दाखवावी लागते. बॉसची चाल, सासऱ्यांचं खोकणं, सोसायटीच्या चेअरमनचा आवाज. जो हुबेहूब करतो त्याची वाट बघतात. मी हुबेहूब करतो. दिवसभर ऑफिसात ज्याला कुणी विचारत नाही त्याच्यासाठी त्या गच्चीवर पाच-सहा माणसं खुर्च्या सरकवून बसतात, ही साधी गोष्ट नाही.

तिथे मी दादाला करून दाखवलं. चपला काढणं, हात पाठीमागे, पलंगाच्या कडेवर टेकणं. “ही पूर्वच ना?” म्हणताना तो हनुवटी थोडी वर करतो, तेसुद्धा. “हिला सकाळचं ऊन लागतं” हे मी असं म्हटलं की एकजण खुर्चीवरून खाली घसरला. “परत, परत” झालं. मी परत केलं. ती ‘ही’ कोण, हे मी दादाला विचारलेलं नव्हतं. करून दाखवण्यापुरतं मला पुरेसं मिळालं होतं.

चित्रपटवाला मित्र तेवढा हसला नव्हता. कठड्याला टेकून म्हणाला, “मग? पुढे?”

“पुढे काय? पुढे काही नाही.”

“असं कसं? काहीतरी होणारच ना पुढे.”

आणि मी काहीतरी उत्तर दिलं. ते काय होतं हे मी सोयीस्करपणे विसरलो. पुढे मला त्याची आठवण करून देण्यात आली.

त्यानंतर वर्ष-दीड वर्ष गेलं असेल. मित्राचा चित्रपट तयार झाल्याचं कळलं, जाहिराती झळकल्या. थ्रिलर आहे, एका एकट्या माणसाची गोष्ट आहे, एवढंच सगळीकडे लिहिलेलं. त्याने मला पहिल्या दिवशीच्या दुपारच्या खेळाचे दोन पास पाठवले. बायको म्हणाली, “मला असलं बघवत नाही. दादांना न्या की. ते कुठे जातात बिचारे?” मला स्वतःचंच कौतुक वाटलं. भावाला सिनेमाला नेतोय.

दादा इस्त्रीचा शर्ट घालून खाली उभा होता. मल्टिप्लेक्समध्ये खुर्ची मागे कशी होते ते त्याने दोनदा करून बघितलं. दिवे मालवले आणि पडद्यावर आभारांची पाटी आली. त्यात माझं नाव. दादाने माझ्या दंडाला कोपराने ढोसलं. “अरे! तुझं नाव आलं की!” शेजारच्या अनोळखी माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. अंधारात मी त्याच्याकडे बघितलं तर तो हसत होता. धाकट्या भावाचं नाव पडद्यावर आलं म्हणून.

मग चित्रपट सुरू झाला आणि एक माणूस सॅम्पल फ्लॅटच्या दाराशी चपला काढून भिंतीला लावून ठेवायला लागला.

मला वाटलं उठावं, दिवे लावायला सांगावं, दादाचा हात धरून त्याला बाहेर न्यावं. यातलं मी काही केलं नाही. माझ्या पलीकडे चार माणसं बसलेली होती, त्यांच्या गुडघ्यांवरून जावं लागलं असतं. खरोखर हा विचार माझ्या डोक्यात आला. मी बसून राहिलो. पडद्यावरचा नट हात पाठीमागे बांधून खोल्या फिरत होता. नट चांगला होता, त्याची हनुवटी बरोबर तितकीच वर जात होती. खिडकीशी उभा राहून तो म्हणाला, “हिला सकाळचं ऊन लागतं,” आणि त्याच्या मागे व्हायोलिनचा एक चिरका सूर लागला, म्हणजे हा माणूस बरा नाही हे सगळ्यांना कळावं.

दादाने खुर्चीच्या हातावरचा आपला हात उचलून मांडीवर घेतला.

मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, “ए, कसला क्रीपी आहे यार हा.” दुसरी म्हणाली, “असे असतात अगं. आमच्या बिल्डिंगमध्ये आहे एक.”

मध्यंतरात मी विचारलं, “जायचं का घरी?”

“का? संपलाय का?” दादा म्हणाला.

“चहा आणू?”

“नको.”

त्याने उरलेला चित्रपटही पुरता बघितला. त्या माणसाची भिंत, तिच्यावर चिकटवलेली माहितीपत्रकं आणि त्या मुलीचे चोरून काढलेले फोटो. कपाटात टांगलेल्या, कुणीच न नेसलेल्या साड्या. मग ती किल्ली, ते दार, मग रक्त. माझ्या भावाच्या घरात एक कपाट आहे, त्यात आईची औषधं अजून तशीच आहेत आणि ड्रॉइंगच्या पेन्सिली आहेत. पण त्याच्यात व्हायोलिन वाजवण्यासारखं काही नाही.

बाहेर लॉबीत मित्र उभा होता, लोक त्याला मिठ्या मारत होते. त्याने आम्हाला बघितलं. दादाला तो कॉलेजपासून ओळखत होता, आमच्या घरी जेवलेला होता. तरी न कचरता पुढे आला आणि म्हणाला, “दादा! तुम्ही आलात! कसा वाटला?”

“आवाज फार मोठा ठेवला होता,” दादा म्हणाला.

स्कूटरवर तो माझ्या मागे बसला. थोडं अंतर गेल्यावर त्याने विचारलं, “तू सांगितलंस त्याला?”

“हो.”

“नुसतं सांगितलंस? की करून दाखवलंस?”

मी स्कूटरचा वेग वाढवला.

“करून दाखवलंस,” तो म्हणाला. “हसले का?”

“दादा...”

“हसले असतील. तू चांगलं करतोस. आईला हसवायचास तू माझ्या नकला करून.” मग म्हणाला, “पुढच्या सिग्नलला थांबव. मी चालत जातो.”

तो उतरला, मागे न बघता रस्ता ओलांडून गेला. त्यानंतर त्याने माझे फोन घेणं बंद केलं. एक दिवसाआड “ठीक आहे” असा मेसेज यायचा, म्हणजे मी घरी येऊन धडकू नये.

तो चित्रपट चालला. नुसता चालला असता तर सोसलं असतं. खिडकीजवळचं ते वाक्य त्यांनी पोस्टरवर टाकलं होतं, आणि ते लोकांच्या तोंडी बसलं. रील्स आली. आमच्या खराडीच्या ऑफिसात कुणीतरी खिडकीचा पडदा सारला की दुसरा कुणीतरी हात पाठीमागे बांधून, डोळे मोठे करून म्हणायचा, “हिला सकाळचं ऊन लागतं.” आणि सगळा मजला हसायचा. एकदा माझ्या मुलीच्या मैत्रिणी आमच्या घरात हेच करत होत्या. मी स्वयंपाकघरातून बाहेर आलो आणि इतक्या जोरात ओरडलो की त्या पोरी चपला हातात घेऊनच गेल्या. बायको म्हणाली, “त्यांच्यावर कशाला? ज्याच्यावर ओरडायचं त्याच्यावर ओरडा.”

म्हणून मी गेलो मित्राच्या ऑफिसात. भिंतीवर पोस्टर, टेबलावर कुणीतरी दिलेला पुष्पगुच्छ. मी बसलो नाही. जे तोंडाला आलं ते बोललो. चोर म्हटलं. आमच्या घरचं मीठ खाल्लंस, म्हटलं. त्याने ऐकून घेतलं, मला राग येईल इतक्या शांतपणे.

“तुझ्या भावावर नाहीये रे तो,” तो म्हणाला. “एक प्रवृत्ती आहे ती.”

“प्रवृत्ती चपला भिंतीला लावून ठेवते?”

“ते डिटेल्स घेतले. सगळेच घेतात. तू आनंदाने दिलेस. पास पाठवले, आभार मानले. अजून काय करायचं होतं?”

“विचारायचं होतंस. आणि तू त्याला खुनी केलास! तो रविवारी चहा प्यायला जायचा रे, चहा!”

तो खुर्चीत मागे रेलला. “एक सांगू? रागावू नकोस. मी तुला त्या दिवशी विचारलं होतं, पुढे काय. तू काय म्हणालास आठवतंय?”

मी म्हटलं, नाही.

“तू म्हणालास, ‘पुढे काय, एक दिवस आमचा दादा त्या पोरीला कडीकुलपात ठेवून घेणार, आणि आम्हाला पेपरात वाचायला मिळणार.’ किल्ली फिरवून पण दाखवलीस. सगळ्यात मोठा हशा त्यालाच होता. माझा शेवट तिथे आला. खोटं वाटत असेल तर बाकीच्यांना विचार.”

मी कुणाला विचारलं नाही. तो बोलत असतानाच माझ्या उजव्या हाताला आठवलं होतं, अंगठा आणि दोन बोटं कशी वळवली होती ते. ज्या फ्लॅटच्या आतल्या खोल्यांना दारंच नसतात हे मला दादाने समजावून सांगितलं होतं, त्या फ्लॅटला मी हशासाठी कुलूप लावलं होतं. आणि वर मित्राबद्दल म्हणत होतो की त्याने जाऊन बघितलं नाही.

त्याच्याबद्दलचा माझा राग एवढ्याने गेला नाही. मी बोललो ते पाच-सहा माणसांत, त्याने ते गावभर केलं. पण त्या दिवसापासून त्याला शिव्या देताना माझा आवाज पूर्वीसारखा चढत नाही. आणि त्याचाही मला राग येतो.

त्याच आठवड्यात मी त्या साइटवर गेलो. मला निदान एवढं तरी बघायचं होतं की दादा तिथे जातोय. ती मुलगी होती. मला तिने ओळखलं, आणि ओळखल्यावर तिचा चेहरा आक्रसला.

“दादा येतात का?” मी विचारलं.

“आले होते,” ती म्हणाली. मग हळू आवाजात, मागच्या केबिनकडे बघत, “सर, मी काही म्हटलं नाही त्यांना. आमच्या मॅनेजर सरांनी पिक्चर बघितला. ते म्हणाले, हा तर आपल्याकडचाच. सगळे मला चिडवायले लागले. सर म्हणाले, एकट्या माणसाला वर घेऊन जायचं नाही, आणि त्यांचा नंबर ब्लॉक कर. मग मी केला.”

“तुला त्यांची कधी भीती वाटली होती?”

“नाही. तेव्हा नव्हती वाटली.” ती टेबलावरची माहितीपत्रकं सारखी करत राहिली. “पिक्चर बघितल्यावर वाटली. खोटं कशाला सांगू? ते आले त्या दिवशी मी आतमध्ये जाऊन बसली. वॉचमनने सांगितलं त्यांना, मॅडम नाहीत म्हणून. तिथून काचेतून दिसत होते मला. थोडा वेळ मॉडेल बघितलं त्यांनी, आणि गेले.”

तिला मी काय बोलणार? चौघीजणींत एक खोली करून राहणारी पोर, तिने जपूनच राहायला हवं. तिला दोष द्यायला माझी जीभ उचलली नाही. पण काचेखालच्या मॉडेलपाशी उभा असलेला दादा मला दिसला. आपल्याला आत घेणार नाहीत हे त्याला कळलंय, तरी लगेच वळून गेलं तर वाईट दिसेल म्हणून तो थोडा वेळ इमारती बघतोय. कुणाला अवघड वाटू नये याची काळजी तो तिथेही घेत होता. साइटवरून परत येताना मी रस्त्याच्या कडेला थांबून कठड्याला लाथ मारली. पाय दुखावला. याखेरीज त्या रागाचं मी काही करू शकलो नाही.

पुढच्या रविवारी सकाळी मी कर्वेनगरला गेलो. न सांगता. दादाने दार उघडलं, बाजूला झाला, मी आत गेलो. त्याने चहा टाकला. मी ठरवून गेलो होतो तसं सगळं सांगितलं. गच्चीवर काय केलं, कुलपाचं वाक्य माझंच होतं, मी साइटवर जाऊन आलो, सगळं. तो गाळणीत चहा ओतत होता.

“चल,” मी म्हटलं, “आपण दोघं जाऊ. दुसऱ्या साइटवर. खराडीला जाऊ. मी बरोबर असलो की कुणी काही म्हणणार नाही.”

“तू बरोबर असलास की?” तो म्हणाला. “तुझ्याबरोबर गेलो तेव्हाच तर झालं हे.”

त्याने गाळणी धुऊन उपडी ठेवली.

“आता मला जमत नाही ते,” तो म्हणाला. “परवा बँकेत एका मुलीशी बोलत होतो, काउंटरवरच्या. बोलताना लक्ष सगळं माझ्या हातांकडे. पाठीमागे गेले तर नाहीत ना. पुढे ठेवावे तर कुठे ठेवावे. ती विचारतेय काय आणि मी सांगतोय काय. शेवटी तिने विचारलं, काका, बरं वाटत नाही का?”

“दादा, तू माझ्यावर ओरड,” मी म्हटलं. “शिव्या दे. थोबाडीत मार. असा गप्प बसू नकोस.”

त्याने माझ्यापुढे कप ठेवला.

“ओरडून काय करू?” तो म्हणाला. “तू तेही करून दाखवशील.”

मी चहा प्यायलो. त्याने पेपर उघडला. खालून कुणीतरी पाण्याचा पंप बंद करा म्हणून ओरडत होतं. पेपरमधून डोळे न काढता त्याने विचारलं, “पोरगी काय म्हणते?” मी सांगितलं, परीक्षा आहे. तो म्हणाला, “बरं.”

तेव्हापासून मी दर रविवारी जातो. दमलेला असलो तरी जातो. तो दार उघडतो, चहा करतो, पाणी किती वेळ आलं ते सांगतो. त्याने काय केलं, कुणाशी बोलला, हे सांगत नाही. चार लोकांत सांगितलं तरी चालेल एवढंच तो आता मला सांगतो. गच्चीवर मी जात नाही. मध्ये एकाने फोन करून आग्रह केला, “ये रे, तुझ्याशिवाय मजा नाही, दादाचं करून दाखव ना, ओरिजिनल.” मी त्याला जे बोललो ते छापण्यासारखं नाही.

हे लिहिण्यापूर्वी मात्र मी दादाला विचारलं. या वेळी विचारलं. वाटलं होतं नाही म्हणेल. त्याने पेपरची घडी घातली. मग म्हणाला, “लिही. नाव घालू नकोस.”

“नाही घालत.”

“आणि हसवू नकोस.”

“नाही.”

“आणि मी कुणाला काही केलं नाही, हे लिही. स्पष्ट लिही. लोकांना वाटतं.”

तर लिहितो. माझा भाऊ रविवारी सकाळी घरं बघायला जायचा. तिथल्या मुलामुलींशी गप्पा मारायचा, चहा प्यायचा, जेवायच्या वेळेला आपल्या घरी परत यायचा. त्याने कुणाचा पाठलाग केला नाही, कुणाचे फोटो काढले नाहीत, कुणाला हात लावला नाही. त्याने कुणाला काही केलं नाही. आता तो कुठेच जात नाही.